पोरांच्या मनाचे दुखणे : क्लबाने व्याख्यान ठेवावे की दुसरे काही?

वाळवंटीकाठ (धागाकर्ता)

गाव गोव्यातल्या डिचोली तालुक्यातला. पाच वाडे, एक हायस्कूल, क्रिकेटचा क्लब, देवळाचे भजनी मंडळ आणि दरवर्षी जत्रेला नाटक बसवणारी मंडळी. क्लबाने ठराव घेतला आहे की यंदा 'युवकांचे मानसिक आरोग्य' या विषयावर काहीतरी करायचे. हे 'काहीतरी' म्हणजे हॉलमध्ये पन्नास खुर्च्या, समई, पाहुण्याला शाल-श्रीफळ, तासभर भाषण आणि शेवटी बटाटवडा. ज्या पोरासाठी हा खटाटोप, तो त्या हॉलमध्ये पाऊल ठेवत नाही. येतात ते एरवीही पुढच्या रांगेत बसणारेच.

वयोगट 13 ते 25. हाताशी पंधरा हजार रुपये. माझा विचार असा की भाषण रद्द करावे आणि गावातल्या तीन माणसांना तयार करावे. कोणाला निवडावे, त्यांनी काय शिकावे, पोराला कुठे पाठवावे आणि काय अजिबात करू नये, हे जाणकारांनी सांगावे. 'सकारात्मक विचार करा' छापाचे प्रतिसाद नकोत.

अबोली

तीनचा आकडा बरोबर आहे, फक्त पदाधिकारी घेऊ नका. क्लबाचा अध्यक्ष, पंचायतीचा पंच, हेडमास्तर ही माणसे चांगली असतील, पण त्यांच्याकडे गेलेल्या पोराला सगळा तिंटो (गावचा चौक) बघतो. निवडण्याची एक साधी रीत आहे. वेगवेगळ्या वाड्यांतल्या दहा-बारा पोरापोरींना एकेकटे गाठून चिठ्ठीवर एकच उत्तर लिहायला सांगा : 'घरी सांगता येत नाही अशी गोष्ट गावात कोणाला सांगशील?' दोन-तीन नावे पुन्हा पुन्हा येतात. बहुधा ती अनपेक्षित निघतात. क्रिकेटचा पंच, पेटी वाजवणारा, अंगणवाडीतली बाय, नाटकाचा रंगभूषाकार. त्यांनाच विचारा. एक तरी बाई हवी, एक जण तिशीच्या आतला हवा, आणि तिघेही एकाच वाड्याचे नकोत.

आता ओळखायचे काय, ते. मोठ्या माणसाचा उदासपणा रडका दिसतो, पोरांचा बहुतेक वेळा चिडका. त्यामुळे घरचे 'माजलाय' म्हणून मोकळे होतात. पाहायचा असतो तो बदल. सरावाला नेमाने येणारा तीन आठवडे येत नाही. नाटकात पार्ट घेतलेली पोर तालमीला येते, पण कोपऱ्यात बसून राहते. झोप उलटते : पहाटे चारपर्यंत जाग, दिवसा अंथरूण. जेवण तुटते किंवा एकदम वाढते. पोटदुखी, डोकेदुखी, छातीत धडधड यांसाठी डॉक्टरकडे खेपा होतात आणि रिपोर्ट सगळे नॉर्मल येतात. यातली एखादी गोष्ट चार दिवस दिसली तर ती वयाची. तीन-चार गोष्टी मिळून सलग दोन आठवडे टिकल्या आणि शाळा, काम किंवा घरचे वागणे त्यामुळे अडू लागले, तर ती दुखण्याची. दोन आठवड्यांची ही मुदत मनाने ठरवलेली नाही. नैराश्याच्या निदानात तीच धरतात, आणि पीएचक्यू-9 ही नऊ प्रश्नांची तपासणीसुद्धा 'गेल्या दोन आठवड्यांत' असेच विचारते.

मात्र ती प्रश्नावली क्लबात वाटू नका. 27 पैकी 10 किंवा जास्त गुण आले की पुढे तपासणी हवी, एवढाच तिचा अर्थ. गावात ती वाटली की दुसऱ्या दिवशी 'मला 16, तुला किती?' सुरू होते.

सड्यावरचा

कशाला एवढे? पूर्वी बापाचा एक आवाज पुरे व्हायचा. हल्ली मोबाईल काढून घेतला तरी डिप्रेशन.

अबोली

@सड्यावरचा बाब, पूर्वीही होते, फक्त त्याला नाव वेगळे होते : 'तिच्यावर काहीतरी आले', 'तो घरातच असतो', 'त्याचे लग्न लावून द्या'. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे मनाच्या आजारांपैकी सुमारे एक तृतीयांश वयाच्या 14 व्या वर्षाआधी आणि निम्मे 18 व्या वर्षाआधी सुरू होतात. म्हणजे शाळेच्या वयातच. आवाज चढवल्याने लक्षणे दबतात आणि ती दिसायला आणखी दोन-तीन वर्षे जातात, एवढाच काय तो फायदा.

मोबाईलचे म्हणाल तर तो काढून घेण्यापेक्षा रात्री साडेदहाला घरातले सगळे फोन, बापाचासुद्धा, स्वयंपाकघरात चार्जिंगला लागलेले बरे. 13 ते 18 वयाला 8 ते 10 तास झोप लागते. ती सुधारली की निम्म्या तक्रारी आपोआप उघड्या पडतात : कोणत्या झोपेच्या होत्या आणि कोणत्या मनाच्या.

पाटाचे_पाणी

पाठवायचे कुठे, ते सांगतो. लोक इथेच चुकतात. गोव्यात अंतर ही अडचण नाही. अडचण ओळखीच्या चेहऱ्याची आहे. पणजीजवळ बांबोळीला मनोरुग्णालयाच्या ओपीडीत (नाव मनोचिकित्सा व मानवी वर्तन संस्था, लोक आयपीएचबी म्हणतात) बाकावर शेजारी आपल्याच वाड्यातली मावशी भेटेल ही भीती खरी आहे. ती आधी मान्य करा आणि मगच रस्ता सुचवा.

पहिली पायरी फोन. टेली-मानस ही सरकारी मदतवाहिनी, 14416. चोवीस तास, फुकट, मराठीतून बोलता येते. हा लागला नाही तर 1800-891-4416. सेवा ऑक्टोबर 2022 पासून आहे. आधी भाषा निवडायची, मग समुपदेशक बोलतो आणि गरज वाटली तर तो मनोविकारतज्ज्ञाकडे जोडून देतो. पोरे पहिल्या मिनिटाला फोन का ठेवतात? रेकॉर्ड केलेला आवाज ऐकून. म्हणून पहिला फोन तुमच्या तिघांपैकी एकाने शेजारी बसून लावून द्यावा, आणि माणूस बोलायला लागला की उठून बाहेर जावे. अठराच्या आतल्याला मार, छळ, घरातून पळणे असा काही मामला असेल तर 1098, मुलांची मदतवाहिनी.

दुसरी पायरी जवळचे सरकारी आरोग्य केंद्र. तुमच्या भागात डिचोली, साखळी, वाळपई. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली मनाचा डॉक्टर कुठल्या वारी कुठे बसतो, हे केंद्रात विचारून कागदावर लिहून ठेवा. हे वार बदलतात, त्यामुळे दर तीन महिन्यांनी पुन्हा विचारा. तिथला एक मोठा फायदा म्हणजे केंद्रात माणूस तापासाठीही जातो, कोणी काही विचारत नाही. हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-12 तिथल्या डॉक्टरला विचारून तपासून घ्या. थकवा, मंदपणा, चिडचिड यांमागे ही तीन कारणे वरचेवर सापडतात, मुलींत विशेष.

तिसरी पायरी बांबोळी. पणजीच्या कदंब स्टँडवरून बस आहे, पण साखळी-वाळपईकडून जाऊन-येऊन दिवस जातो, तेव्हा कामाचा खाडा धरूनच निघा. बरोबर आधीचे कागद, चालू गोळ्यांची पाकिटे (नावे सांगताना गोंधळ होतो, पाकीट न्यावे) आणि अर्ध्या पानावर लिहिलेली हकिकत : कधीपासून, काय बदलले, झोप किती, घराण्यात कोणाला असे काही होते का. डॉक्टरला वेळ कमी असतो. हे अर्धे पान दहा मिनिटे वाचवते.

खाजगीत जाणार असाल तर 'काउन्सेलर' ही पाटी कोणीही लावतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असल्याचे कोणी सांगितले तर भारतीय पुनर्वास परिषदेचा, म्हणजे आरसीआयचा, नोंदणी क्रमांक विचारा. जो खरा असतो त्याला त्यात अपमान वाटत नाही.

कुळागर

गोळ्यांबद्दलही लिहा की. गावात अर्धे लोक 'सवय लागते' म्हणून आठव्या दिवशी बंद करतात.

पाटाचे_पाणी

@कुळागर, हो. नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्या लागू पडायला चार ते सहा आठवडे घेतात. पहिल्या आठवड्यात दिसतो तो त्रासच : मळमळ, डोके जड, झोप कमी-जास्त. म्हणजे तोटा आधी, फायदा मागाहून. नेमक्या याच खिंडीत माणूस सोडतो. या गोळ्यांची दारूसारखी तलफ लागत नाही, पण एकदम तोडल्या तर चक्कर, बेचैनी येते, म्हणून डॉक्टर सांगेल तशा हळूहळू कमी करायच्या. आणखी एक, हे घरच्यांना स्पष्ट सांगा : पंचविशीच्या आतल्यांत सुरुवातीच्या दिवसांत क्वचित अस्वस्थता आणि जिवाचे वाईट विचार वाढू शकतात. पहिले महिनाभर रोज नजर ठेवा. अस्वस्थता वाढली तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरला फोन.

कानात आवाज येणे, कोणीतरी पाळत ठेवते असे वाटणे, एकट्यानेच बोलणे, आंघोळ सोडून देणे हे मात्र वेगळे खाते आहे. तिथे फोन, गप्पा, योगासने यांत वेळ घालवू नका, थेट डॉक्टर. या आजारात उपचाराला जितका उशीर, तितके बरे होणे अवघड.

नवा_पार

सगळे ठीक, पण आमच्याकडे डॉक्टरच्या आधी देवळात कौल लावतात आणि मग घाड्याकडे (अंगात येणाऱ्या, उतारा देणाऱ्या माणसाकडे) जातात. क्लबाने त्याविरुद्ध बोलावे का?

अबोली

बोलू नये. बोललात की ते घर तुमच्यासाठी बंद. देवापुढे पाकळी लावून प्रसाद घेण्यात कुटुंबाला धीर मिळतो आणि सगळे घर एका ठिकाणी बसते, हे काही कमी नाही. तीनच गोष्टींवर अडून राहा. गोळ्या चालू असतील तर त्या तोडायच्या नाहीत. मारणे, डांबणे, धूर देणे, उपाशी ठेवणे चालणार नाही. आणि प्रसाद घेतानाचा प्रश्न 'डॉक्टरकडे न्यावे की नाही' असा ठेवायचा नाही. विचारायचेच तर 'नेतो आहोत, यश दे' असे गाऱ्हाणे घालावे. भट-पुजाऱ्यांशी आधी बोलून ठेवले तर तेच दोन शब्द सांगतात, आणि त्यांचे वजन आपल्या शंभर पत्रकांहून जास्त.

शब्दांचेही तसेच. 'मानसिक आजार' म्हटले की पुढचे ऐकू येत नाही. 'टेन्शन', 'मन लागत नाही', 'डोक्यात विचार थांबत नाहीत' असे बोला. पोरगा कोकणीत सांगू लागला तर कोकणीतच ऐका. दुखणे ज्या भाषेत फुटते ती भाषा बदलायला लावली की पोर 'कांय ना, तशेंच' म्हणून उठते.

आडवाट

गुप्ततेचे कोणी नीट लिहिले नाही. सगळा डोलारा त्यावरच उभा आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

तिघांनी वहीत नावे लिहायची नाहीत. तारीख, वय, मुलगा की मुलगी, पुढे कुठे पाठवले, एवढेच. क्लबाच्या वॉट्सअप गटावर 'एक केस आली' असेसुद्धा टाकायचे नाही. बाराशे वस्तीच्या गावात 'बारावीतली मुलगी, वरचा वाडा' म्हटले की नाव सांगितल्यासारखेच.

आणि पोराला पहिल्याच भेटीत खरे सांगायचे : 'तू सांगशील ते माझ्याकडे राहील, पण दोन गोष्टी राहणार नाहीत. तुझ्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तर मी आणखी एका माणसाला सांगेन, आणि कोणाला ते तुला आधी कळवीन. आणि अठराच्या आतल्यावर लैंगिक अत्याचार झाला असेल तर ते मला कळवावेच लागते.' पॉक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे ही जबाबदारी प्रत्येकावर आहे. क्लबवाले, शिक्षक, नातेवाईक, कोणीही सुटत नाही. हे आधी न सांगता नंतर पोलिसात गेलात, तर ते पोर पुन्हा कोणत्याच मोठ्या माणसाशी बोलणार नाही.

लोक कायद्याला भलत्याच ठिकाणी घाबरतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017, कलम 115 : आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असेच धरायचे आणि त्याला शिक्षा करायची नाही. तेव्हा 'पोलीस केस होईल' म्हणून दवाखान्यात न नेणे हा शुद्ध आडमुठेपणा आहे. त्याच कायद्याने उपचाराची माहिती गुप्त राखण्याचा हक्कही दिला आहे.

शाळेकडेही एक काम आहे. 25 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी देशभर लागू होणारी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. 100 किंवा अधिक विद्यार्थी असतील तर किमान एक पात्र समुपदेशक, मदतीचे क्रमांक ठळक अक्षरांत लावणे, शिक्षक-कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण. गोव्यात शिक्षण विकास महामंडळाच्या योजनेतून शाळांना समुपदेशक मिळतात. पालक-शिक्षक संघाने लेखी विचारावे : आमच्या शाळेला कोण, कोणत्या वारी, कोणत्या खोलीत? खोलीचे मुद्दाम लिहितो. स्टाफरूमच्या कोपऱ्यात पडदा लावून बसवलेला समुपदेशक म्हणजे नसल्यातच जमा.

सड्यावरचा

आडवाट बाब, पटले. पण ही तीन माणसे बोलणार काय? 'होईल सगळे ठीक' याच्यापुढे काय येते आपल्याला?

अबोली

@सड्यावरचा, ते वाक्य सोडले की बरेच काही येते. :)

पर्वरीची 'संगत' ही संस्था 1996 पासून गोव्यात या क्षेत्रात आहे. डॉक्टर नसलेल्या साध्या माणसांना शिकवून त्यांच्याकडून समुपदेशन करून घेता येते, हे त्यांनी गोव्याच्याच आरोग्य केंद्रांत तपासून दाखवले आणि जगभर त्याची दखल घेतली गेली. शाळकरी मुलांसाठी त्यांनी वापरलेली पद्धत समस्या सोडवण्याची, तीन टप्प्यांची : अडचण, पर्याय, कृती. प्रशिक्षणासाठी तुम्ही त्यांना विचारा, म्हापशाच्या 'कूज' या मानसिक आरोग्याच्या संस्थेलाही विचारा. इथे फक्त गाभा सांगते.

भेट वीस ते तीस मिनिटांची, तीन-चार आठवड्यांत चार-पाच भेटी. पहिल्या भेटीत फक्त ऐकायचे आणि शेवटी अडचणींची यादी पोराच्याच शब्दांत करायची. त्यातली एक निवडायची, आणि ती सर्वांत मोठी नव्हे तर हात घालता येईल अशी. 'बाबा पितात' ही अडचण पोराच्या हातातली नाही. 'बाबा पिऊन आले की अभ्यास होत नाही' ही आहे. दुसऱ्या भेटीत पर्याय : सहा-सात, वेडेवाकडेही चालतील. काकांकडे बसणे, वाचनालय, पहाटे उठणे, कानात बोळे. प्रत्येकाचे फायदे-तोटे पोराने सांगायचे, तुम्ही नाही. मग एकाची कृती : कोणत्या वारी, किती वाजता, अडले तर काय. तिसऱ्या भेटीपासून नुसता हिशेब, जमले की नाही, का नाही, बदल काय.

बिघडते ते ठरावीक ठिकाणी. ऐकणारा दुसऱ्याच मिनिटाला सल्ला देतो. स्वतःचे उदाहरण देतो ('मी पण बारावीला नापास झालो होतो'), आणि मग भेट त्याचीच होते. अडचण इतकी मोठी निवडतात की पहिली कृतीच फसते. चौथी भेट झाल्यावर कोणी विचारायला जात नाही. आणि पाच भेटींत काहीच हलले नाही तरी पाठवायचे सोडून सहावी, सातवी, आठवी चालू ठेवतात. आपण डॉक्टर नाही, हे इथे लक्षात ठेवायचे.

भेटीची जागा : बंद खोली नको, उघडा सोपाही नको. वाचनालयाचा मागचा भाग, मैदानाची कड, शेताच्या बांधावरून चालत. मुलगे समोरासमोर बसण्यापेक्षा शेजारी चालताना जास्त बोलतात. मुलीशी बोलायला बाईच.

पाटाचे_पाणी

जिवाच्या धोक्याचे राहिले. सरळ विचारा : 'मरून जावे असे मनात येते का?' विचारल्याने कल्पना डोक्यात शिरत नाही. उलट कोणीतरी विचारले याने सुटल्यासारखे होते. 'तसले काही करणार नाहीस ना?' हा प्रश्न मात्र नको, त्याचे उत्तर 'नाही' असे ठरलेले असते. पुढचे दोन प्रश्न : कसे, ते ठरवले आहे का? कधी, ते ठरवले आहे का? दोन्हींपैकी एकाला 'हो' आले तर त्या पोराला एक क्षणही एकटे सोडायचे नाही. घरच्या एका भरवशाच्या माणसाला सांगायचे आणि त्याच दिवशी दवाखाना. तब्येत बिघडलेली असेल तर रुग्णवाहिकेसाठी 108.

'विचार येतात पण ठरवलेले काही नाही' असे असेल तर 14416 वर जोडून द्या आणि एका कागदावर पोराबरोबर बसून लिहा : वाईट वेळ येते हे कशावरून कळते, तेव्हा एकट्याने काय केले की बरे वाटते, कोणाकडे जाऊन बसता येते, कोणाला खरे सांगता येते, कोणते फोन, आणि घरात काय कुलपात ठेवायचे. हा कागद पोराच्या खिशात, फोटो त्याच्या फोनमध्ये. कुलपाचे घरच्यांनी पाहायचे : घरातल्या सगळ्या गोळ्या, काजू-बागायतीची औषधे, तणनाशके. किल्ली नेहमीच्या खिळ्याला टांगायची नाही. अशी लाट बहुधा काही तासांत ओसरते. तेवढा वेळ हाताशी काही नसणे हाच बचाव.

आणि गावात दुर्दैवाने असे काही घडलेच, तर क्लबाने चौकात फोटोचा मोठा बॅनर लावू नये, कसे झाले ते गटावर फिरवू नये, 'मार्कांमुळे', 'पोरीमुळे' असे एक कारण चिकटवू नये. त्याच वयाच्या, आधीच काठावर असलेल्या पोरांना त्यातून वाट दिसते. जवळचे मित्र, वर्गातल्या बाकावरचा शेजारी, भावंडे यांच्याकडे महिनाभर कोणीतरी जात राहावे. बाराव्या-तेराव्यानंतर घर रिकामे होते, तेव्हा विशेष.

कुळागर

दोन गोष्टी भर घालतो. एक, निकालाचा दिवस. दहावी-बारावीच्या निकालाआधी आठवडाभर तिघांनी मोकळे राहावे आणि पुरवणी परीक्षेची माहिती छापील हातात ठेवावी. 'वर्ष फुकट गेले' हेच त्या दिवशी मारते, आणि ते बहुतेक वेळा खरे नसते.

दोन, 18 ते 25 वाले. हे शाळेत सापडत नाहीत. किनाऱ्यावरच्या हॉटेलात सीझनला दोन शिफ्ट, कॅसिनोत रात्रपाळी, वेर्ण्याच्या कारखान्यांत कंत्राटी नोकरी, किंवा जहाजावरच्या नोकरीच्या कॉलची वाट बघत घरी. झोप उलटी, मित्र तुटलेले, हातात रोकड, बाजूला दारू. गोव्यात दारू पिण्याचे वय 21, पण ते कागदावर. पैशांचे ऑनलाइन खेळ 2025 च्या कायद्याने बंद झाले तरी त्यात झालेले कर्ज बंद झालेले नाही. असा पोरगा 'मन लागत नाही' म्हणून येत नाही, 'पाच हजार मिळतील का' म्हणून येतो. पैसे द्या किंवा देऊ नका, पण किती जणांचे देणे आहे हे विचारा. खरी हकिकत तिथून सुरू होते.

वाळवंटीकाठ

सर्वांचे आभार. बैठकीत मांडण्यासाठी असे करतो आहे. भाषण रद्द. चिठ्ठ्या चतुर्थीआधी. तिघांच्या प्रशिक्षणाची जा-ये आणि जेवण यांना सहा हजार. पत्र्याचे पाच फलक, वाड्यागणिक एक, साधारण चार हजार. बाकी पाच हजार कोणाला बांबोळीला न्यायचे झाले तर भाड्यासाठी, पावती मागायची नाही. फलकावर काय लिहावे? क्लबाचे नाव वर टाकायचा आग्रह होणार.

आडवाट

क्लबाचे नाव खाली, बारीक. वर फक्त 14416 आणि 'झोप नाही, मन लागत नाही, बोलायचे आहे? फुकट, कोणत्याही वेळी'. तिघांची नावे फलकावर घालू नका, ती तोंडी पसरू द्या. आणि फलक बसस्टॉपच्या आत लावा, समोर नको. तिथे उभे राहून नंबर फोनमध्ये घेताना कोणाला कोणी बघत नाही.

नवा_पार

पाचवा फलक मैदानाच्या पाण्याच्या नळाजवळ. खेळून आलेला प्रत्येक जण तिथे दोन मिनिटे थांबतोच.